कुलूप, अनामत आणि भाड्याचं घर

मराठीतला 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून आला. उर्दूत आपण लिहिताना आजही कुफ्ल लिहितो, बोलताना मात्र ताला म्हणतो. मराठीने हा शब्द घेतला आणि घेता घेता फ आणि ल यांच्या जागा बदलून टाकल्या. 'दरवाजा' फारसीतून आला, 'चावी' पोर्तुगीजांकडून. असाच उलटापालट झालेला दुसरा शब्द म्हणजे 'अनामत'. मूळ 'अमानत'. इथे म आणि न यांनी जागा बदलल्या. भाड्याचं घर घेताना मालकाच्या हातात जी 'अनामत रक्कम' ठेवतो, ती शब्दाच्या अर्थाने अमानतच असते. वर्गात मी हे शब्द नेहमी एकत्र शिकवतो. आज ते एकत्र घ्यायचं कारण जरा वेगळं आहे.

नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि सुरतेकडे जाणारी रेल्वेही. गावाजवळ एमआयडीसी आहे, तरी आमची शिकलेली मुलं सुरत, नाशिक, पुणे, मुंबईकडेच निघतात. तिथे दोघं नवरा-बायको नोकरी करतात, भाड्याच्या फ्लॅटला सकाळी नऊला कुलूप लागतं ते रात्री आठला निघतं. गावाकडच्या त्यांच्या आज्याने असं घर पाहिलं नव्हतं. त्याच्या घरात कोणी ना कोणी असायचंच. दाराच्या सुरक्षिततेचा इतिहास माझ्या मते या एका फरकाभोवती फिरतो.

जुन्या खानदेशी घराचं दार आठवा. जाड फळ्यांचं, दोन पाखांचं, आणि आतल्या बाजूला भिंतीतल्या खाचेतून सरकणारा अडसर. कुठे त्याला आगळ म्हणतात. मनगटाएवढ्या लाकडाचा हा तुकडा धक्क्याला पुरून उरतो, पण त्याची एक अट आहे. तो लावायला आत माणूस लागतो. दाराला कडी-कोयंडा असे, त्यात कुलूपही अडकवत, पण ते शेतावर किंवा लग्नाला जाण्यापुरतं. खिडक्या लहान आणि उंचावर असत. धाब्याच्या घरात उजेड आणि धूर यांच्यासाठी छतातच भोक ठेवलेलं असे. मोठ्या वाड्याच्या आणि गढीच्या दरवाजात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असे. रात्री आलेला पाहुणा असो की दरोडेखोर, मान खाली घालूनच आत येणार.

ही घरं उगीच अशी बांधलेली नव्हती. अठराव्या शतकाचा शेवट आणि एकोणिसाव्याची सुरुवात खानदेशासाठी फार वाईट गेली. होळकरी फौजांची लूट, 1802 ते 1804 चा दुष्काळ, त्यानंतर पेंढारी. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा कितीतरी गावं ओस पडली होती. गावची राखण जागल्याकडे असे आणि खानदेशात हे काम बहुतेक ठिकाणी भिल्लांकडे होतं. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग ज्या गावाच्या हद्दीत शिरला, त्या गावावर पुढची जबाबदारी येई. म्हणजे घराचं दार तुमचं, पण राखण साऱ्या गावाची. जागल्यांचे हक्क बुडाले तेव्हा राखणदारच रानात गेले, आणि त्यांना पुन्हा नोकरीत आणायला इंग्रजांना 1825 मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभारावी लागली. जेम्स आउट्रमने ती धरणगावात उभी केली. आपल्याकडे हा इतिहास 'भिल्लांचा बंदोबस्त' या नावाखाली शिकवला जातो. माझ्या मते तो बुडवलेल्या मजुरीचाही इतिहास आहे.

शहरात हे सगळं मोडलं. तिथे ना वेस, ना जागल्या, ना ओळखीच्या पावलांचा माग. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. मागे राहिल्या कुलूपबंद खोल्या. योगायोग असा की 1897 मध्येच अर्देशर गोदरेज यांनी लालबागला कुलूपं बनवायला सुरुवात केली. त्याआधी उत्तरेत अलीगढला हा धंदा रुजत होता. जॉन्सन अँड कंपनीने 1870 च्या सुमारास तिथे विलायती कुलूपं आणून विकली आणि 1890 च्या सुमारास ती तिथेच बनवायला घेतली. पुढे अलीगढच्या गल्ल्यांत घरोघर कानस चालू लागली, आणि त्या कारागिरांत मुसलमान फार मोठ्या संख्येने आहेत. आपण 'अलीगढ' म्हटलं की फक्त सर सय्यद यांचं कॉलेज आठवतो. त्याच शहरातलं कुलूप आपल्या दाराला लटकत असतं, त्याची दखल कोणी घेत नाही.

कुलपाची अक्कल मात्र फार जुनी. 1206 मध्ये अल-जझरी यांनी यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पेटीसाठी चार चकत्यांचं कुलूप आहे. किल्लीच नाही, अक्षरं जुळवली की उघडणारं. आज आपण ज्या चपट्या, दातेरी किल्लीने फ्लॅटचं दार उघडतो, तिची रचना अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येलने 1860 च्या दशकात पक्की केली. तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतलं: आत लहान खिळ्या, योग्य किल्ली गेली की सगळ्या एका रेषेत येतात. लंडनमध्ये ब्रामाच्या कारखान्याने तर उघडून दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर करून आपलं कुलूप अनेक दशकं दुकानाच्या खिडकीत ठेवलं होतं. 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलं, पण त्याला कित्येक दिवस खपावं लागलं. फ्लॅटमध्ये शिरणाऱ्या चोराला एवढी फुरसत नसते. तो कुलपाशी झगडतच नाही. चौकट उचकटतो, कोयंडा उपटतो, नाहीतर त्याच्याकडे किल्लीच असते.

भाड्याच्या घराचा खरा प्रश्न या किल्लीचा आहे.

तुमच्या आधी त्या घरात कोण राहिलं? त्याच्याही आधी? किल्ल्या किती होत्या, किती परत आल्या? एजंटकडे एक, वॉचमनकडे एक, रंगाऱ्याने नेलेली एक. कोपऱ्यावरचा चावीवाला पाच मिनिटांत नवी काढून देतो. कितीही भारी कुलूप असलं तरी किल्लीची गिनती कोणाला ठाऊक नसेल, तर ते शोभेचं.

किल्ली म्हणजे अमानत, हे आपल्या परंपरेत एका मोठ्या प्रसंगाशी जोडलेलं आहे. हिजरी 8, म्हणजे सन 630. मक्का जिंकल्यावर काब्याची किल्ली पैगंबरांच्या (स.) हातात आली. रिवायतींत येतं की घरच्याच माणसांनी ती आपल्याकडे मागितली. पैगंबरांनी (स.) ती पूर्वीच्याच राखणदाराला, उस्मान बिन तलहा यांना परत दिली. सूरह निसातली अमानती ज्यांच्या त्यांना परत करण्याच्या हुकुमाची आयत (4:58) अनेक मुफस्सिर याच प्रसंगाशी जोडतात. ती किल्ली आजही त्याच बनू शैबा घराण्याकडे आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय शिरण्याची मनाई आहे. त्यात घर मालकीचं की भाड्याचं, असा भेद नाही. भाडेकरू राहत असताना आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून 'जरा नळ बघायला आलो' म्हणणाऱ्या मालकाने हे वाचावं. कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 28 प्रमाणे मालकाला घर पाहता येतं, पण आधी कळवून आणि योग्य वेळी.

हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याआधी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता. त्याने भाडी जुन्या पातळीवर गोठवली, भाडेकरूला आसरा मिळाला, पण मालकाने चौकटीला खिळा ठोकणंही सोडून दिलं. चाळीत ते निभावलं, कारण तिथे दार दिवसभर उघडंच असे आणि गॅलरीतल्या दहा डोळ्यांची राखण असे. नव्या कायद्यात कलम 14 आहे. दुरुस्ती मालकाने करायची. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिस्स्यापर्यंत. कलम 16 मध्ये, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर सोडावं लागतं असं आहे, पण दार, जाळीकाम, हवेसाठीची खिडकी ही कामं पालिकेच्या परवानगीने केली तर ती पक्क्या बांधकामात धरलेली नाहीत. अर्थात आजची मुलं बहुतेक अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहतात. तिथे करारात लिहिलेलं हेच बळ. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, म्हणून कुलपाची ओळ त्यातच घालून घ्यावी.

इथे आपली एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नाव सांगितल्यावर 'घर गेलं हो' हे उत्तर आपल्यातल्या कितीजणांनी ऐकलंय! दहा दारं फिरून अकरावं मिळालं की 'कुलूप बदलू का?' हे विचारायची हिंमत होत नाही. मालक काय समजेल, काय लपवतात म्हणेल. मग आहे त्याच लॅचवर घर सोडून दोघं कामाला जातात. मला वाटतं, विचारावं. पद्धत अशी: कुलपाचा मधला सिलिंडर तेवढा बदलायचा. बहुतेक मॉर्टिस कुलपांत तो एका स्क्रूवर निघतो, दाराला नवं भोक पडत नाही. मालकाला एक ओळ लिहून कळवायचं, नव्या किल्ल्या किती ते सांगायचं, आणि एक किल्ली मालकाला हवी असेल तर बंद पाकिटात सही करून द्यायची. जुना सिलिंडर पिशवीत जपून ठेवायचा. तो मालकाची अमानत.

बाकी कामं किरकोळ आहेत, पण घरमालकाशी वाद न होता होणारी. दार नुसतं ओढून घेतलं की लॅच लागतो, कुलूप लागत नाही. किल्ली पूर्ण फिरवा. चौकटीवरची पट्टी बऱ्याचदा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर असते. तिथे चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू बसवले तर लाथेला दार टिकतं. बिजागऱ्यांनाही तसेच. बाहेर लटकणारं कुलूप घर रिकामं असल्याची दवंडी असते, म्हणून आतल्या कुलपावर भर द्यावा. दाराला दुर्बीण आणि साखळी लावायला फारसा खर्च येत नाही. आत एकट्या राहणाऱ्या अम्मीला ती सर्वांत जास्त उपयोगी.

खिडकीचा इतिहास थोडा उलटा आहे. जुनी खिडकी नजर अडवायची, म्हणून जाळी, चिक, उंच झरोका. फ्लॅटची खिडकी हवेसाठी मोठी झाली आणि मग तिला गज आले, पुढे बाहेर आलेले पेटीसारखे ग्रिल. ग्रिल चांगलं, पण पूर्ण बंद ग्रिल आग लागल्यावर घराचा पिंजरा करतं. एक भाग आतून उघडणारा हवा, त्याची किल्ली खिडकीजवळ, बाहेरून हात पोचणार नाही अशी, आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. रात्री दारं लावून घेण्याची ताकीद ज्या हदीसमध्ये आहे, तिच्यातच दिवे विझवण्याचीही आहे. चोर आणि आग यांचा विचार तिथे एकत्रच केलेला आहे.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची कडी फार तकलादू असते, आणि काही झडपा वर उचलून बाहेरही काढता येतात. वरच्या पट्टीत एक छोटा स्क्रू बसवला की झडप उचलता येत नाही. खालच्या खाचेत झडपेमागच्या जागेच्या मापाचा लाकडी दांडका ठेवायचा. खिडकी सरकत नाही. सुताराकडे वाया गेलेला तुकडा चालतो. मुलांना हा नवा शोध वाटतो. त्यांच्या आज्याच्या दारामागचा अडसरच आहे तो, फक्त आडवा भिंतीत जायचा तो आता खिडकीच्या पायाशी निजतो. घर सोडताना तो काढून घ्यायचा, पिशवीतला जुना सिलिंडर पुन्हा बसवायचा, आणि मालकासमोर किल्ल्या मोजून अनामत रक्कम मागायची.