भंगारातली चारचाकी, बदल्यात बोलेरो
देवराष्ट्रे (जि. सांगली) हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी उभी केली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी जाहीर कौतुक केले. मात्र गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन ती कधीतरी अडवणारच, हेही नोंदवले. (व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना हे वाक्य क्वचितच आठवते.) जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली.

याच जिल्ह्यात, कुंडलजवळ, बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानाने १९१० मध्ये माळरान दिले, तीच किर्लोस्करवाडी. लोहारांच्या गाडीला जागा मिळाली ती संग्रहात.