वापरलेल्या मोटारीची विक्री (पुणे)

वापरलेल्या मोटारीची विक्री म्हणजे नोंदणी झालेली आणि काही काळ वापरात असलेली खाजगी मोटार मोबदला घेऊन दुसऱ्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे करून देणे. पुणे शहरात असा व्यवहार मुख्यतः दोन मार्गांनी होतो. नवी मोटार घेताना जुनी मोटार त्याच विक्रेत्याला देऊन तिची किंमत नव्या मोटारीच्या किमतीतून वळती करून घेणे, हा पहिला मार्ग होय. त्यास बोलीभाषेत ‘एक्स्चेंज’ म्हणतात. ग्राहक स्वतः शोधून त्याला मोटार थेट विकणे, हा दुसरा मार्ग होय. थेट विक्रीत सामान्यतः किंमत अधिक मिळते, तर एक्स्चेंजमध्ये वेळ आणि श्रम वाचतात. मात्र दोन्ही मार्गांमधील निवड केवळ किमतीवर अवलंबून नसते. कर, विमा आणि विशेषतः मालकी हस्तांतरणाची कायदेशीर जबाबदारी हे घटकही तितकेच निर्णायक ठरतात.

पार्श्वभूमी

परवाना पद्धतीच्या काळात भारतात मोटारींची निवड प्रामुख्याने अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनी (पूर्वीची फियाट) यांपुरती मर्यादित होती आणि नव्या मोटारीसाठी मोठी प्रतीक्षायादी असे. त्यामुळे जुन्या मोटारीलाही चांगली मागणी राही. १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. त्यानंतर नवी मोटार सहज उपलब्ध होऊ लागली, तशी जुन्या मोटारीची किंमत तिचे वय, अवस्था व कंपनी यांवरून ठरू लागली. मारुतीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ ही वापरलेल्या मोटारींची साखळी सुरू केली. पुढे इतर कंपन्यांनीही अशा साखळ्या काढल्या आणि एक्स्चेंजची पद्धत शहरी भागांत रूढ झाली. २०१५ नंतर संकेतस्थळे व भ्रमणध्वनी ॲपद्वारे मोटारींची खरेदी करणाऱ्या कंपन्यांची त्यात भर पडली.

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव व रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यामुळे पुणे परिसर देशातील प्रमुख वाहननिर्मिती केंद्रांपैकी एक आहे. पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदलेल्या वाहनांना ‘एमएच १२’ आणि पिंपरी-चिंचवड कार्यालयात नोंदलेल्या वाहनांना ‘एमएच १४’ हा संकेतांक मिळतो. पुण्याचे मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ आहे.

विक्रीचे मार्ग

एक्स्चेंज : नव्या मोटारीचा विक्रेता जुन्या मोटारीची तपासणी करून तिची किंमत ठरवतो. या किमतीखेरीज उत्पादक कंपनीकडून अनेकदा ‘एक्स्चेंज बोनस’ दिला जातो. गुढीपाडवा, दसरा व दिवाळी या सणांच्या सुमारास, तसेच वर्षअखेरीस शिल्लक साठा संपवताना अशा सवलती वाढतात. बोनस घेतल्यास रोख सवलत कमी होते का, हे पाहिल्याशिवाय या मार्गातील खरी किंमत कळत नाही.

थेट विक्री : मालक नातेवाईक, शेजारी, कार्यालयातील सहकारी यांच्यामार्फत किंवा ऑनलाइन जाहिरात देऊन ग्राहक शोधतो. यात मध्यस्थाचा नफा वाचतो. मात्र मोटार दाखवणे, चालवून पाहू देणे, घासाघीस करणे आणि कागदपत्रे पूर्ण करून घेणे ही कामे मालकालाच करावी लागतात.

व्यापाऱ्यास विक्री : नवी मोटार घ्यायची नसल्यास किंवा एक्स्चेंजमधील किंमत मान्य नसल्यास मालक वापरलेल्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे किंवा ऑनलाइन कंपनीकडे जातो. पैसे लवकर मिळतात, परंतु व्यापाऱ्याचा दुरुस्तीखर्च व नफा किमतीतून वजा झालेला असतो.

किंमत ठरवणारे घटक

मोटारीचे वय, धावलेले किलोमीटर, इंधनाचा प्रकार, पूर्वीच्या मालकांची संख्या, अपघाताचा इतिहास, देखभालीच्या नोंदी आणि टायर व बॅटरीची अवस्था यांवर किंमत अवलंबून असते. विमा क्षेत्रातील घसाऱ्याची रूढ कोष्टके अंदाजासाठी उपयोगी पडतात. त्यांनुसार विमायोग्य मूल्य ठरवताना एक ते दोन वर्षे वयाच्या मोटारीस २० टक्के, दोन ते तीन वर्षांस ३० टक्के, तीन ते चार वर्षांस ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांस ५० टक्के घसारा धरला जातो. पाच वर्षांपुढील मोटारीचे मूल्य विमा कंपनी व मालक परस्पर संमतीने ठरवतात. बाजारातील किंमत याहून कमी किंवा अधिक असू शकते.

उत्पादक कंपनीचे बाजारातील स्थान हाही महत्त्वाचा घटक आहे. तळेगाव येथे कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील शेव्हरोले मोटारींची विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. विक्री बंद झालेल्या मोटारींच्या सुट्या भागांविषयी व सेवेविषयी ग्राहकाच्या मनात शंका असते आणि तिचा परिणाम पुनर्विक्रीच्या किमतीवर होतो.

नव्या मोटारींच्या किमती उतरल्या की जुन्यांच्याही उतरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. पूर्वी तो २८ टक्के अधिक उपकर असा होता. त्यामुळे जुनी मोटार विकताना तुलना नव्या मोटारीच्या पूर्वीच्या किमतीशी न करता चालू किमतीशी करावी लागते.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांवर पर्यावरण करही लागतो. या कारणांनी मुदत संपत आलेल्या मोटारीची किंमत झपाट्याने घटते. अशा मोटारीसाठी नोंदणीकृत निष्कासन केंद्रात ती मोडीत देणे हा आणखी एक पर्याय असतो. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते.

करआकारणी

स्वतःच्या वापराची मोटार विकणाऱ्या नोंदणीरहित व्यक्तीला वस्तू व सेवा कर भरावा लागत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मात्र वापरलेल्या मोटारीच्या खरेदी व विक्री किमतीतील फरकावर कर द्यावा लागतो. जैसलमेर येथे २१ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५५व्या बैठकीत हा दर सर्व प्रकारच्या वापरलेल्या मोटारींसाठी १८ टक्के करण्याची शिफारस झाली व २०२५ च्या आरंभी ती लागू करण्यात आली. व्यापाऱ्याने ३,२०,००० रुपयांस घेतलेली मोटार ३,८०,००० रुपयांस विकली, तर ६०,००० रुपयांच्या फरकावर १०,८०० रुपये कर होतो. व्यापाऱ्याचा भाव थेट ग्राहकाच्या भावापेक्षा कमी असण्याचे हे एक कारण आहे.

काही देशांत जुनी मोटार बदल्यात दिल्यास नव्या मोटारीवरील कर केवळ उरलेल्या रकमेवर आकारला जातो. भारतात तसे होत नाही. मोबदल्याचा काही भाग वस्तुरूपात दिला असला, तरी कर नव्या मोटारीच्या खुल्या बाजारातील पूर्ण मूल्यावर लागतो. म्हणून एक्स्चेंजमुळे कराची बचत होते हा समज बरोबर नाही.

व्यक्तिगत वापराची मोटार आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्तेत मोडत नाही. मात्र एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

तुलनात्मक हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका मोटारीस एक्स्चेंजमध्ये ३,२०,००० रुपये किंमत व २५,००० रुपये बोनस देऊ केला आहे. परंतु एक्स्चेंज न केल्यास नव्या मोटारीवर १०,००० रुपयांची अधिक रोख सवलत मिळणार आहे. म्हणजेच एक्स्चेंजचे खरे मूल्य ३,३५,००० रुपये होते.

तीच मोटार थेट विकताना किरकोळ दुरुस्ती, सफाई, जाहिरात व कागदपत्रे यांवर १५,००० रुपये खर्च होतात. विक्रीस दोन महिने लागले आणि त्या काळात नव्या मोटारीसाठी ३,५०,००० रुपयांचे जादा कर्ज ९ टक्के दराने घ्यावे लागले, तर व्याज ५,२५० रुपये होते. अशा स्थितीत थेट विक्रीची किंमत ३,५५,२५० रुपयांहून अधिक असेल, तरच हा मार्ग फायद्याचा ठरतो. ३,८०,००० रुपये मिळाल्यास २४,७५० रुपये लाभ होतो. ३,५०,००० रुपयांवर तडजोड करावी लागल्यास एक्स्चेंजच्या तुलनेत ५,२५० रुपये तोटा होतो.

मालकी हस्तांतरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे आवश्यक असते. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतरण कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. बोलीभाषेत त्यांना ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. मोटार दुसऱ्या राज्यात जाणार असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ देऊन तो नोंदणीतून कमी करून घ्यावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक करण्यात आली असून ती नसल्यास हस्तांतरणासारखी कामे अडू शकतात. थकीत ई-चलनेही व्यवहारापूर्वी भरून टाकावी लागतात.

पैसे मिळाले आणि किल्ली दिली म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असा समज आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निर्णयाने तो चुकीचा ठरवला. या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने विकली होती व त्यानंतर ती आणखी काही जणांच्या हाती गेली होती, परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. २००९ मध्ये त्या मोटारीचा अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपत्रावर नाव असलेल्या व्यक्तीचीच आहे, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताला एकामागून एक झालेल्या विक्रींचा माग काढायला लावणे कायद्याला अभिप्रेत नाही, अशी यामागील भूमिका होती. विमा नसलेल्या मोटारीच्या बाबतीत ही जबाबदारी थेट जुन्या मालकाच्या खिशावर येते.

पूर्वी एक्स्चेंजमध्ये दिलेल्या मोटारींबाबतही हा धोका होता, कारण पुढचा ग्राहक मिळेपर्यंत व्यापारी मोटार स्वतःच्या नावावर करून घेत नसे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी पाच वर्षे मुदतीच्या प्राधिकारपत्राची तरतूद झाली. मालकाने प्राधिकृत व्यापाऱ्याकडे वाहन सोपवल्याची सूचना नमुना २९सी द्वारे नोंदणी प्राधिकाऱ्यास दिली जाते. त्यानंतर व्यापारी हा वाहनाचा मानीव मालक ठरतो व वाहनाची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याला ते वाहन केवळ चाचणी, प्रात्यक्षिक व दुरुस्तीसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. प्राधिकारपत्र नसलेल्या व्यापाऱ्याकडे मोटार दिल्यास हे संरक्षण मिळत नाही.

विमा व फास्टॅग

कलम १५७ नुसार मोटारीचा विमा मालकी हस्तांतरणाबरोबर नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते व त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे बदलासाठी अर्ज करायचा असतो. हे मानीव हस्तांतरण तृतीय पक्षाच्या जोखमीपुरते मर्यादित आहे. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे संरक्षण नोंद बदलल्याखेरीज नव्या मालकास मिळत नाही.

दावा न केल्याबद्दल मिळणारा ‘नो क्लेम बोनस’ मोटारीचा नसून विमाधारकाचा असतो. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. मोटार विकताना विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतल्यास नव्या मोटारीच्या स्व-नुकसान विम्याच्या हप्त्यात ही सवलत मिळते. विक्रीच्या हिशेबात ही बाब अनेकदा राहून जाते.

जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेला फास्टॅग बंद न केल्यास पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवरील पथकर त्याच्याच खात्यातून वजा होत राहतो.

फसवणुकीचे प्रकार

थेट विक्रीत बनावट बँक संदेश दाखवून मोटार नेणे, पैसे पाठवण्याच्या बहाण्याने विक्रेत्याला क्यूआर संकेत स्कॅन करायला लावणे, चाचणीसाठी घेतलेली मोटार परत न करणे आणि सही केलेले कोरे नमुने मिळवून नोंदणी लांबवणे असे प्रकार संभवतात. खरेदीदाराच्या बाजूने किलोमीटरची नोंद मागे फिरवलेली असणे, अपघात लपवणे किंवा कर्जाचा बोजा न सांगणे हे धोके असतात. पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याची खात्री करणे, मोटार सोपवल्याचा दिनांक व वेळ लिहिलेली पावती दोघांनी स्वाक्षरी करून ठेवणे आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घेणे हे यावरील सर्वसाधारण उपाय मानले जातात. वेळेची नोंद महत्त्वाची असते, कारण त्याच दिवशी घडलेल्या नियमभंगाची किंवा अपघाताची चौकशी प्रथम नोंदणीकृत मालकाकडेच होते.

निवडीचे निकष

मोटार लोकप्रिय कंपनीची, एकाच मालकाची व पूर्ण देखभाल नोंदींसह असल्यास आणि विक्रेत्याकडे वेळ असल्यास थेट विक्री लाभदायक ठरते. ओळखीचा खरेदीदार मिळाल्यास जोखीम आणखी कमी होते. मोटार जुनी, दुरुस्तीस आलेली किंवा मागणी नसलेल्या प्रकारातील असल्यास, घराजवळ दोन मोटारी उभ्या करण्यास जागा नसल्यास किंवा मालक परगावी जाणार असल्यास एक्स्चेंज सोयीचे ठरते. कोणताही मार्ग निवडला तरी नोंदणीपत्रावरील किंवा परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीतील नाव बदलल्याची खात्री झाल्यानंतरच विक्रेत्याची जबाबदारी संपली असे मानता येते. प्राधिकृत व्यापाऱ्यास विक्री केल्यास नमुना २९सी ची पोच त्यासाठी जपून ठेवली जाते.