१ जूनचे वाढदिवस आणि विम्याचा अर्ज

महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या चारचौघांना जन्मतारीख विचारा. एखाद्याची तरी १ जून निघतेच. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे. मग मास्तर अंदाजाने साल धरून १ जून लिहून टाकत. पुढे हीच तारीख विम्याच्या अर्जावर आली. तारीख खोटी, पण लबाडी कुणाचीच नाही.

इंग्लंडमधल्या विमा कंपन्या एके काळी चूक आणि लबाडी असा फरक करत नसत. अर्जातली उत्तरे हाच कराराचा पाया, असे कलमच पॉलिसीत असे. १८५३ साली अँडरसन विरुद्ध फिट्झजेराल्ड या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगून टाकले, की असे कलम असेल तर चुकलेले उत्तर महत्त्वाचे होते की किरकोळ, हे बघायचेच नाही. उत्तर चुकले की पॉलिसी बुडाली. हप्ते भरून गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी मग कुणाकडे बघायचे?

आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ४५ ने याला लगाम घातला. पॉलिसीला दोन वर्षे उलटली, की नुसते उत्तर चुकीचे म्हणून दावा नाकारता येईना. बाब महत्त्वाची होती, विमेदाराने ती फसवणुकीच्या हेतूने सांगितली किंवा लपवली आणि त्याला हे माहीत होते, असे तिन्ही कंपनीने सिद्ध करायचे. मिठूलाल नायक खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या अटी स्पष्ट केल्या. गंमत अशी, की त्या खटल्यात दावेदार हरलाच. मुंबईच्या ओरिएंटल कंपनीची २५ हजारांची पॉलिसी घेताना विमेदाराने गंभीर आजारावरचे उपचार दडवले होते. ते विसरणे नव्हते.

वयाचे मात्र वेगळे. पुरावा कंपनी केव्हाही मागू शकते, पण वय चुकले म्हणून पॉलिसी मोडत नाही. हिशेब खऱ्या वयाने नव्याने मांडतात. एरवी पत्रिका न मानणारेही अशा वेळी ती शोधायला ट्रंक उघडत, कारण वयाचा दुय्यम पुरावा म्हणून ती चालत असे.

कलम ४५ च्या २०१५ मधल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीला तीन वर्षे झाली, की फसवणुकीचेही कारण चालत नाही. त्या तीन वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती चुकली, पण लबाडी नव्हती, असे ठरले तर पॉलिसी रद्द होते आणि भरलेले हप्ते परत मिळतात.

अर्ज बहुधा एजंटच भरतो, आपण फुली मारलेल्या जागी सही करतो. पॉलिसीसोबत त्या अर्जाची प्रत येते, ती एकदा वाचाच. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ती तीन वर्षे नव्याने मोजली जातात.