कॅसेट गेली, हिशेबही गेला

गणपतीच्या दिवसांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीवर जाखडी रंगते. कुणी तिला बाल्या नाच म्हणतात. मध्ये मृदुंग-झांजेसह शाहीर बसतो, भोवती चाळ बांधलेले गडी फेर धरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब रात्र रात्र चालतात. त्यासाठी शाहीर नवी गाणी बांधतो. तो कुठल्या कंपनीचा नोकर नसतो. शहरांत आज ज्यांना ‘स्वतंत्र संगीतकार’ म्हणतात, ते आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. त्यांच्या गाण्याचं मोल कसकसं बदलत गेलं, ते आज सांगायचं आहे.

आपल्या देशात १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण झालं आणि तबकडीचं युग सुरू झालं. तबकडी काढणं खर्चाचं काम. वाडीवरच्या शाहिराला ते दार बंदच राहिलं. ते उघडलं १९८०च्या दशकात, कॅसेटनं. थोड्या भांडवलात कॅसेट निघू लागली. सुटी संपवून मुंबईला परतणारे चाकरमानी आंबोशी-कोकमांबरोबर जाखडीच्या कॅसेटही पिशवीत घालू लागले. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना असला की बाहेर कॅसेट विकल्या जात.

तो काळ फार न्यायाचा होता, असं मात्र नव्हे. १९९०च्या दशकात माझी काही गीतं एका कॅसेटवर आली. पाचशे रुपये एकरकमी मिळाले, कागदावर सही झाली आणि वेष्टनावर माझं नावच छापलं गेलं नाही. शाहिराचं तेवढं बरं होतं. तो शंभर कॅसेट स्वतः विकत घेई, कार्यक्रमाच्या ठिकाणी विके. किती गेल्या, किती उरल्या, हे त्याला घरी बसून मोजता येई.

पुढे परदेशात २००३ साली ॲपलनं आयट्यून्सचं दुकान थाटलं. एका गाण्याला ९९ सेंट. वस्तू हाती नसली तरी विक्री ही विक्रीच होती. एक गाणं गेलं की त्याचा वाटा ठरलेला. आपल्याकडे हे दुकान नीट लागलंच नाही. फ्लिपकार्टनं २०१२च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाची डाउनलोड सेवा काढली, ती २०१३च्या जूनमध्ये बंद पडली. लोक मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देत आणि शेकडो गाणी भरून घेत. त्यातला पैसा ना गायकाला मिळे, ना कवीला. कॉलर ट्यूनला मात्र लोक पैसे मोजत. तेच आपलं खरं डाउनलोड!

मग २०१६ साली जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि गाणं विकत घ्यायचं कारणच उरलं नाही. सावन, गाना हे आधीपासून होते; २०१९च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय आलं. आता गाणं आपलं होत नाही, ते ऐकण्यापुरतं भाड्यानं मिळतं.

या भाड्याची वाटणी समजून घ्यायला हवी. बहुतेक सेवांत वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एका हंड्यात जमा होतो. सेवेचा वाटा वजा झाला की उरलेला पैसा देशभरात कोणतं गाणं किती वेळा ऐकलं गेलं, त्या प्रमाणात वाटतात. समजा, रत्नागिरीच्या एखाद्या माणसानं महिनाभर फक्त आपल्या गावच्या शाहिराला ऐकलं. त्याची वर्गणी सगळी शाहिराला जात नाही. तिचा मोठा भाग देशभर गाजणाऱ्या सिनेगीतांकडे जातो. शिवाय २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार श्रवणं नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही. वाडीवरच्या गाण्याला हजार म्हणजे थोडे नव्हेत.

दुसरी बाजूही आहे. आखातातल्या आमच्या कोकणी माणसाला आज तिथं बसून जाखडी ऐकता येते. कॅसेटला हे कधी जमलं नसतं. कायदाही बदलला. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क कागदावर सही करूनही सुटणार नाही, असं ठरवलं. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत जोरदार बाजू मांडली. पण हक्क वसूल व्हायचा तर गाण्याची नोंद हवी, कवीचं नाव हवं. आमच्या कित्येक शाहिरांचे कार्यक्रम प्रेक्षकच मोबाइलवर टिपतात आणि आपल्या नावानं यूट्यूबवर चढवतात. लाखभर लोक पाहतात. शाहिराचं नाव खालीही नसतं.

माझा एक शाहीर मित्र परवा म्हणाला, “भाई, कॅसेट विकली की हातात नोट यायची. आता लोक ऐकतात म्हणतात, पण कोण ऐकतो नि किती, कायच कळत नाय.”

जर्मनीच्या साउंडक्लाउडनं २०२१ साली स्वतंत्र कलावंतांसाठी वेगळी रीत काढली: ज्याला ऐकलं, श्रोत्याचा पैसा त्यालाच. आम्हाला ती नवी वाटत नाही. जाखडीत कुणी बक्षीस दिलं की शाहीर गाणं थांबवतो, देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो, मग पुढचं कडवं घेतो. देणारा कोण, घेणारा कोण, हे सगळ्या मांडवाला ठाऊक असतं. आमच्या शाहिरांनी आपल्या गाण्यांची नोंद करावी, नाव लावण्याचा आग्रह धरावा. आणि आपण श्रोत्यांनी येत्या गणपतीत मोबाइल उंचावण्याआधी खिशात हात घालावा, एवढंच सांगणं आहे.