सणांची नावे आणि स्वयंपाकघर : बेने इस्राएलांच्या मराठीतील एक पुरावा

कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाचा हिब्रू ग्रंथांशी असलेला संबंध दीर्घकाळ जवळजवळ तुटलेला होता. ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा व आहाराचे काही निर्बंध एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे व शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथावाचून पंचांग कसे टिकले, हा प्रश्न इतिहासाचा खरा. परंतु त्याचे उत्तर काही अंशी भाषेत सापडते.

हाईम शमुवेल केहीमकर यांच्या 1897 मध्ये पूर्ण झालेल्या व 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या समाजातील सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. तिश्री महिन्याच्या चतुर्थीस ‘खिरीचा सण’. भाताचे नवे पीक हाती येण्याचा हा काळ. नव्या धान्याची खीर करावी, धूप जाळावा, शेमा म्हणावा, असा प्रघात होता. किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म व भेटीगाठी होत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण करण्याचा दिवस तो ‘बिरड्याचा सण’. वल्हांडणास ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबट द्रवाचे मडके. ढाकणे म्हणजे झाकणे. आंबवलेले वर्ज्य करण्याची मूळ आज्ञा विस्मृत झाली, परंतु मडके झाकण्याची कृती टिकली.

या नावांत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तांदूळ, नारळ आणि वाल हे तिन्ही जिन्नस कोकणात घरचे अथवा शेजारचे होत. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करण्यास पैशापेक्षा श्रम अधिक लागतात. मांस व दूध एकत्र न करण्याचा निर्बंध नारळाच्या रसाने सुकर झाला; तो सामिष कालवणासही चालतो व गोडासही. किद्दूशसाठी द्राक्षमद्य नसे, तेथे काळ्या मनुकांचे सरबत आले. नवसाच्या मलिद्यात पोहे, खोबरे, गूळ वा साखर व फळे असतात. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला धर्म पाळता येणे हे त्याच्या टिकण्याचे एक कारण होय, असे अनुमान यावरून काढता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. केहीमकरांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. तत्पूर्वीच, 1796 मध्ये, मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले होते, व 1846 मध्ये वल्हांडणाचा हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला होता. अर्थात जुन्या नावांचे काही स्पष्टीकरण नव्या ज्ञानाच्या प्रकाशात रचले गेले असणे संभवते. तथापि नावे स्वतः नव्या ज्ञानाची निर्मिती दिसत नाहीत. ग्रंथ वाचून कोणी वल्हांडणास मडक्याचे नाव दिले नसते.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात स्थायिक झाली. तेथे सणांची हिब्रू नावे रूढ होणे स्वाभाविकच. त्यामुळे ‘अनाशी’सारखे शब्द वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. या समाजाचे पंचांग ज्यांनी चुलीपाशी राखले, त्यांची साक्ष ग्रंथालयात मिळणार नाही.