बारा सीझरांची पंगत आणि नेवाशाचे खापर

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये 1957 साली 'फोरम ऑफ द ट्वेल्व्ह सीझर्स' नावाचे एक उपाहारगृह सुरू झाले. भिंतींवर बारा रोमन सीझरांची चित्रे, मद्याच्या बाटल्या थंड ठेवण्यासाठी उलट्या शिरस्त्राणाच्या आकाराची भांडी आणि रोमची आठवण करून देणाऱ्या नावांची पदार्थांची यादी, असा त्याचा थाट होता. 1975 साली ते बंद पडले. ते सुरू होण्याच्या जरा आधी, 1954 ते 1956 या काळात, तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी लाडमोड टेकाडाचे थर उकलत होते. त्या थरांत त्यांना भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. एकीकडे रोमन मेजवानीचा देखावा उभा राहत होता आणि दुसरीकडे खऱ्या रोमन पेयाचे फुटके भांडे मातीतून वर येत होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्या, की इतिहास 'चाखण्याच्या' आपल्या हौसेचे स्वरूप थोडे उलगडते.

ही हौस मुख्यतः प्रवाशाची असते. घरी रोजचे जेवण जेवणारा माणूस वाटेत मात्र एखाद्या वेगळ्या काळात बसून जेवू पाहतो. लास वेगासचा 'सीझर्स पॅलेस' 1966 साली उघडला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावातले षष्ठीचे चिन्ह मुद्दामच गाळले होते. राजवाडा एका सीझरचा नसावा, येणारा प्रत्येक पाहुणा सीझर ठरावा, अशी त्याचा संस्थापक जे सार्नो याची कल्पना होती. थीम रेस्टॉरंटचे सारे तत्त्वज्ञान त्या गाळलेल्या चिन्हात आहे. आपल्याकडच्या महामार्गांवर वाड्याची कमान, भिंतीवर ढालतलवार आणि पागोटे घातलेले वाढपी दिसतात, तेव्हा तेथेही गिऱ्हाइकाला सरदाराचीच जागा दिलेली असते. शेतसारा भरणाऱ्या कुळाच्या जागी बसून जेवायला कोणी पैसे देत नाही.

अशा जेवणात तपशिलांच्या चुका असणारच. रोमन म्हणून पुढे येणाऱ्या ताटात टोमॅटो असतो. तो अमेरिका खंडातला, रोमनांनी कधी न पाहिलेला. 'पूर्वापार' ठेच्यातली मिरचीही त्याच खंडातून, पोर्तुगीजांच्या मार्फत, सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. रोमन लोक जेवताना उलटी करण्यासाठी 'व्होमिटोरियम' नावाच्या खोलीत जात, ही गोष्टही अशीच चवीने सांगितली जाते. वास्तविक तो शब्द प्रेक्षागृहातून गर्दी बाहेर पडण्याच्या मार्गांचा आहे. मात्र या चुका दाखवून हसणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की भूतकाळातल्या पंगतीत आपण स्वतःला कोठे बसवतो?

हा प्रश्न केवळ हॉटेलवाल्यांना विचारून भागणार नाही. नेवाशाच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीच्या एका थराला, साधारण इ.स.पू. 50 ते इ.स. 200 या काळाला, 'इंडो-रोमन' असे नाव देण्यात आले. थरातली घरे, चुली, रोजची मडकी इथलीच होती. नावात मात्र रोम आला. मॉर्टिमर व्हीलर यांच्या 1945 च्या अरिकमेडू उत्खननानंतर रोमन वस्तूंना विशेष मोल आले होते. त्यांच्या आधारे थराचा काळ ठरवता येई, हे त्याचे शास्त्रीय कारण. तरीही दारावर पाटी लावल्यासारखी ती संज्ञा आहे, आणि पाटी वाचणारा आत त्याच गोष्टी शोधतो. रोबर्टा टोंबर यांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिले, की भारतात रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरे मेसोपोटेमियातल्या, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या रांजणांची आहेत. पश्चिमेकडून आलेले म्हणजे रोमचेच, हे गृहीत कच्चे निघाले.

नेवाशाच्या बाबतीत सगळेच मृगजळ ठरले नाही. सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील खापरे 'ड्रेसेल 2-4' या प्रकारच्या अँफोरांची असल्याचे मांडले. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, टोकदार बुडाचा, जहाजात रचून नेण्याजोगा मातीचा कुंभ. त्याच नावाच्या रोमन मापात साधारण 26 लिटर द्रव मावे. असे कुंभ समुद्र ओलांडून, घाट चढून प्रवरेपर्यंत आले आणि येथे कोणीतरी त्यांतले मद्य प्याले. अहिल्यानगर जिल्ह्यात रोमन चवीची हौस भागवणारे पहिले लोक हेच म्हणायचे! दूरदेशीचे पेय घरी आणून प्रतिष्ठा मिरवण्याची त्यांची इच्छा आजच्या गिऱ्हाइकाला परकी वाटू नये.

हा माल कोणत्या यादीतून येत होता, ते पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात दिले आहे. भरुच बंदरात इटलीचे मद्य उतरे. पैठण तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि त्या बाजूचा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भरुचला येई. भरुचहून जहाजात चढणाऱ्या वस्तूंत अकीक, सुती कापड आणि पिंपळी होती. मलबारची मिरी वेगळ्या बंदरांतून जाई, आणि अपिकियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथातल्या बहुतेक कृतींना ती लागे. भारत दरवर्षी आपले 5 कोटी सेस्टर्स गिळतो, अशी प्लिनीची तक्रार होती. पण त्याच 'पेरिप्लस'मध्ये राजासाठी आणल्या जाणाऱ्या वस्तूंची एक ओळ आहे. तीत चांदीची भांडी, उंची मद्य, तलम वस्त्रे, सुगंधी लेप यांच्याबरोबर गाणारी मुले आणि सुंदर तरुणी येतात. लेखकाने त्यांना वेगळे काढलेले नाही. भांड्यांनंतर माणसे आणि माणसांनंतर मद्य, सारे एकाच हिशेबात. रोमन थाटाच्या उपाहारगृहाला मद्य दाखवता येते, चांदी दाखवता येते. ही ओळ त्याला दाखवता येत नाही.

रोमन लेखकाला ती दिसत होती, असे म्हणता येईल. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये ट्रिमॅल्किओ हा स्वतः गुलामीतून सुटलेला धनाढ्य माणूस पाहुण्यांपुढे राशिचक्राच्या आकाराचे ताट मांडतो. भाजलेल्या रानडुकराच्या पोटातून जिवंत पक्षी उडतात. जेवणाचे नाटक करणे हे रोमचेच जुने व्यसन होते, आणि त्याची टवाळीही रोमनेच आधी केली. त्या भोजनगृहात तीन बाजूंना तीन आसने मांडत. कोण कोठे लवंडणार, हे त्याच्या दर्जावरून ठरे. सगळेच सीझर, अशी सोय तेथे मुळीच नव्हती.

या साऱ्याला एक जोड आपल्या जवळच आहे. अहिल्यानगरच्या शेजारी जुन्नरच्या लेण्यांत सातवाहन काळातला एक शिलालेख असे सांगतो, की चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. 'यवन' म्हणजे नेमका रोमन नागरिक, असे नव्हे. पश्चिमेकडच्या ग्रीकभाषी मुलखाशी नाते सांगणारा कोणीही त्यात येई. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने तेथेच पाण्याच्या पोढ्या दिल्या. व्यापाराने ज्यांना या डोंगरांपर्यंत आणले, त्यांनी येथे आपल्या देशाचा देखावा उभारला नाही. जेवणाची जागा आणि पिण्याचे पाणी दिले, तेही दुसऱ्यांसाठी, आणि स्वतःचे नाव प्राकृतात कोरून ठेवले. पश्चिमेचा माणूस आणि जेवण यांचा या प्रदेशातला सर्वांत विश्वसनीय पुरावा हाच आहे. त्यात मेजवानीचे एकही वर्णन नाही.

साहित्याच्या वर्गात 'सॅटिरिकॉन' शिकवताना त्याच्या शेजारी 'पेरिप्लस'ची ती यादी आणि जुन्नरचा हा लेख ठेवून पाहावा. तीन मजकूर, आणि तिन्हींत अन्नाभोवतीची माणसे तीन तऱ्हांनी मोजलेली. नेवाशाला बहुतेक प्रवासी पैसच्या खांबासाठी, 'ज्ञानेश्वरी'च्या जन्मस्थळी येतात, आणि ते योग्यच आहे. मात्र येता-जाता नेवासा फाट्यावर जेवायला बसल्यावर एवढे मनात असू द्यावे, की येथून थोड्याच अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इटलीचा कुंभ फोडला होता. तो येथवर गाडीतून आणणाऱ्याला त्यातला घोट मिळाला की नाही, ते कोणत्याही खापरावर लिहिलेले नाही.