व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हीव्हीटी)

इंजिन चालू असतानाच त्याच्या वेगानुसार आणि भारानुसार व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळा मागेपुढे करणारी यंत्रणा. पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी होते, आणि जुन्या इंजिनांत या दोघांचे नाते टायमिंग चेनने किंवा बेल्टने कायमचे जखडलेले असे. व्हीव्हीटीच्या नेहमीच्या रचनेत कॅमशाफ्टच्या चक्रात छोटे कप्पे आणि त्यांत पाती असतात. संगणकाच्या हुकमानुसार त्या कप्प्यांत इंजिन ऑइल शिरते, त्याच्या दाबाने पाती सरकतात आणि कॅमशाफ्ट चक्राच्या तुलनेत काही अंश फिरतो. अल्फा रोमिओने 1980 मध्ये स्पायडर मोटारीत व्हीव्हीटी आणले. पुढे 1989 मध्ये होंडाचे व्हीटेक आले आणि ताकद वाढवणारी युक्ती म्हणून या तंत्राचे नाव झाले. छोट्या मोटारींपुरता मात्र हा लौकिक दिशाभूल करणारा आहे. मारुती स्विफ्टच्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाला 2011 मध्ये व्हीव्हीटी मिळाले, तेव्हा त्याची अश्वशक्ती 85 वरून जेमतेम 87 झाली. खरी कमाई आहे ती ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना.

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात किंवा आउटर रिंग रोडवर मोटार रांगत असते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरचे झाकण, जवळजवळ मिटलेले असते आणि त्या अडथळ्यातून हवा ओढण्यातच पिस्टनची काही मेहनत वाया जाते. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवला, तर आत आलेल्या हवेचा थोडा भाग परत बाहेर जातो. मग तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल अधिक उघडे ठेवता येते आणि ही ओढाताण कमी होते. याचा ठळक दाखला शहराजवळच, बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कारखान्यात मिळतो. तिथे 2022 पासून तयार होणाऱ्या अर्बन क्रूझर हायरायडरच्या हायब्रिड आवृत्तीचे ॲटकिन्सन पद्धतीचे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह असा उशिरा मिटवणारे, 1490 सीसी इंजिन 92 अश्वशक्तीचे आहे. त्याच मोटारीतले साधे 1462 सीसी इंजिन 103 अश्वशक्तीचे. आकाराने मोठे इंजिन मुद्दाम दुबळे ठेवले आहे, आणि कंपनीने जाहीर केलेले मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे.

या मायलेजचे श्रेय हायब्रिडमधल्या बॅटरीचे आणि विजेच्या मोटरचे, असा आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा मोटर परत मिळवते हे खरे. पण उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमुळे इंजिनाचा जो जोर घटतो, तो भरून काढायलाही तीच लागते. म्हणजे दोघांचा हिशेब वेगळा मांडताच येत नाही. विजेच्या मोटारी आल्यावर हे तंत्र अडगळीत जाईल, हा दुसरा आक्षेप. पण हायब्रिडने त्याला उलट अधिक महत्त्वाचे काम दिले आहे. सर्वांत वजनदार आक्षेप देखभालीचा आहे. ऑइल वेळेवर बदलले नाही तर गाळ साचतो, बारीक वाहिन्या तुंबतात आणि पाती अडकतात. मग आयडलिंग अडखळते, ॲव्हरेज पडते. हा धोका गर्दीच्या शहरात अधिक, कारण तिथे किलोमीटर थोडे भरतात आणि इंजिन मात्र तासन्‌तास चालू राहते. म्हणून अशा मोटारीत ऑइल बदलताना किलोमीटरच्या आकड्याइतकेच महिन्यांच्या मुदतीकडेही पाहावे लागते, आणि ऑइलची जाडी कंपनीने सांगितलेलीच ठेवावी लागते.